रीडिंग कोणी घ्यायचं?

चि. अनघा,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू फटकन म्हणालीस, "फिजिक्समधल्या बायकांची वेगळी परिषद कशाला? मी काय कच्ची आहे?" तेव्हा कुकरच्या शिट्ट्या चालल्या होत्या. आता निवांत लिहिते.

बीएस्सीला प्रॅक्टिकलच्या बॅचमध्ये मी एकटीच मुलगी. अक्षर चांगलं, म्हणून जर्नल माझ्याकडे. मुलं स्पेक्ट्रोमीटर, म्हणजे प्रकाशाचे रंग वेगळे करून मोजायचं यंत्र, लावायची, त्यावरची बारीक मोजपट्टी (व्हर्निअर) वाचायची, मी आकडे टिपायचे. कोणी वाईट वागलं नाही गं, उलट फार सभ्य होते सगळे! सोडियमच्या दिव्याच्या प्रकाशात पिवळ्या रेषा दोन असतात, ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटर, हे मी वहीत कितीदा लिहिलं असेल. डोळ्यांनी पाहिल्या त्या सबमिशनच्या आदल्या दिवशी, लॅब रिकामी असताना. ग्रेटिंगची, म्हणजे प्रकाश फाकवणाऱ्या बारीक रेघांच्या काचेची, दुसरी ऑर्डर (तिथे रंग जास्त फाकतात), स्क्रू अगदी हळू फिरवला आणि एका रेषेच्या दोन झाल्या. सांगणार कोणाला? घरी येऊन भाकऱ्या थापल्या.

बिभा चौधुरींचं नावसुद्धा मी शिकवायला लागल्यावर कळलं. डोंगरावर फोटोग्राफिक प्लेट्स ठेवून अवकाशातून येणाऱ्या वैश्विक किरणांचा अभ्यास केलेली बाई, १९४९ साली आपल्या मुंबईच्या टीआयएफआरमधली, म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्थेतली, पहिली महिला संशोधक.

आणि हे फक्त बायकांचंच नाही. अमेरिकेत एडवर्ड बुशे या कृष्णवर्णीय माणसाने १८७६ मध्ये येलमधून भौतिकशास्त्रात पीएचडी केली आणि पुढची पंचवीसेक वर्षं फिलाडेल्फियात कृष्णवर्णीय मुलांच्या शाळेत शिकवलं. विद्यापीठांची दारं बंदच होती. तिथल्या कृष्णवर्णीय भौतिकशास्त्रज्ञांनी स्वतःची संस्था काढली ती १९७७ मध्ये, म्हणजे शंभर वर्षांनी. त्यांची दरवर्षी परिषद भरते. ती माणसं काय कच्ची होती?

आपल्याकडे २०१९ मध्ये हैदराबादला इंडियन फिजिक्स असोसिएशनच्या गटाने अशी परिषद घेतली, त्यातून भौतिकशास्त्रात स्त्री-पुरुष समानता यावी म्हणून 'हैदराबाद सनद' निघाली. सनदा काय, कागदावर छानच दिसतात. मला त्यापेक्षा चहाच्या वेळेतल्या गप्पा मोलाच्या वाटतात. गेल्या महिन्यात हॉस्टेलचं गेट दहाला बंद होतं म्हणून तू चालू रीडिंग सोडून पळालीस. ते मला सांगितलंस, गाइडना नाही. परिषदेत दहाजणी भेटतील, ज्यांनी हेच केलंय, आणि एखादी अशीही, जिने गेटची वेळ बदलून घेतली.

तुझ्या जुन्या पोस्टरची नळी माळ्यावर आहे, पुसून ठेवते. शनिवारी येशील तेव्हा घेऊन जा. परिषदेचा फॉर्म मात्र आजच भर.

तुझी,
आई