रॉड बसला, हाड अजून जुळायचे आहे

संपादक महोदय,
पावसाळ्यात मुंबईतल्या ऑर्थो (हाडांच्या) वॉर्डांत गर्दी वाढते: निसरडे जिने, खड्ड्यांत आदळणाऱ्या दुचाकी, लोकल पकडताना सुटलेला हात. मोडलेल्या हाडात धातूचा रॉड किंवा प्लेट बसवली की घरचे म्हणतात, 'आता आत लोखंड आहे, पाय पक्का झाला.' या समजुतीने अनेकांचे पाय दुसऱ्यांदा उघडावे लागतात.

रॉड किंवा प्लेट हाड जोडत नाही, तुटलेली टोके जागेवर धरून ठेवते. जोडते ते शरीर. नडगीच्या हाडाला त्यासाठी बऱ्याचदा 4 ते 6 महिने लागतात. तोवर भार धातूवर असतो, आणि तार पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते तशी प्लेटही तुटते. अशा वेळी लोक मालाला दोष देतात. बहुतेकदा मात्र हाडच जुळलेले नसते: लवकर टाकलेले वजन, तंबाखू-मिश्री, वाढलेली साखर किंवा जखमेतला संसर्ग.

रॉड हाडाच्या पोकळीत मधोमध असतो, म्हणून भार चांगला पेलतो. प्लेट एका बाजूला असते. त्यामुळे रॉडवाल्याला कधी दुसऱ्याच दिवशी चालवतात आणि शेजारच्या खाटेवरच्या प्लेटवाल्याला सहा आठवडे पाय टेकू देत नाहीत. एकाचा सल्ला दुसऱ्याने पाळू नये. 'थोडे वजन टाका' हेही मोघमच. घरच्या वजनकाट्यावर तो पाय दाबून, सांगितलेले 15 किंवा 20 किलो म्हणजे किती हे पायाला शिकवता येते.

गुडघा बदलून कृत्रिम सांधा बसवला असेल, तर बहुतेकांना वॉकर घेऊन लगेच चालता येते. तिथे भीती संसर्गाची, तीही कायमची. दाढेतले किंवा लघवीतले जंतू वर्षांनंतरही रक्तातून सांध्यात पोहोचू शकतात. गुडघा लाल, गरम झाला तर मनाने अँटिबायोटिक घेऊ नये. मग सांध्यातले पाणी तपासूनही बऱ्याचदा जंतू सापडत नाही.

इम्प्लांटच्या, म्हणजे आत बसवायच्या रॉड, प्लेट किंवा सांध्याच्या, खोक्यात कंपनी, माप आणि लॉट नंबरचे (उत्पादनाच्या खेपेच्या क्रमांकाचे) स्टिकर असतात. ते केसपेपरवर चिकटवतात आणि केसपेपर रुग्णालयात राहतो. रुग्ण विश्रांतीला कोकणात गावी जातो. दहा वर्षांनी रॉड काढायचा तर कोणती अवजारे मागवायची, हे तिथल्या सर्जनला कळत नाही. महापालिकेने आपल्या रुग्णालयांत एवढे सक्तीचे करावे: डिस्चार्ज कार्डावर एक स्टिकर, आणि त्याखाली मराठीत कोणत्या तारखेपासून किती किलो वजन टाकायचे ते.

— एक अस्थिरोगतज्ज्ञ, दादर, मुंबई