सहा कुणाचे, हे विचारणाऱ्या ताईंना

न्यू जर्सीच्या ताईंना,
हुपरीहून सप्रेम नमस्कार.

चांदीच्या चार्टवरची माझी स्क्रिप्ट कुठं चुकते ते तुम्ही दाखवलंत. त्याचे फोनवर आभार मानायला गेलो की तुम्ही विषय बदलता, म्हणून हे उघड पत्र. नाव घालू नको म्हणालात, तेवढं पाळलंय.

आमच्या घरात तीन पिढ्या पैंजणांचं काम. त्यामुळं एमसीएक्सवरच्या (सोन्याचांदीचे वायदे चालतात त्या बाजारातल्या) चांदीच्या चार्टचा नाद मला लागला यात नवल नव्हतं. अमेरिकेचे महागाईचे, नोकऱ्यांचे आकडे आले की चांदी उसळते किंवा आपटते. ती पंधरा मिनिटांची कॅण्डल (तेवढ्या वेळातली भावाची चाल दाखवणारी चार्टवरची काडी) रंगवायची आणि पुढं काय होतं ते मोजायचं, एवढीच माझी पाइन स्क्रिप्ट, म्हणजे चार्टवर चालणारा छोटा प्रोग्रॅम. आकडे संध्याकाळी ६ ला येतात हे पाठ होतं, म्हणून अट घातली: तास १८, मिनिट ०. उन्हाळाभर झकास चाललं. नोव्हेंबर ते मार्च मात्र दरवर्षी निकालाची माती.

यावर मी काय शोध लावला होता ते आज सांगायला लाज वाटते. लग्नसराई! दिवाळीनंतर गिऱ्हाईक वाढतं, म्हणून चांदीची चाल बदलते, असं मी चारचौघांत छातीठोकपणे सांगत होतो. एकानंही शंका काढली नाही.

तुम्ही फक्त विचारलंत, "सहा कुणाचे?"

आकडे न्यूयॉर्कच्या सकाळी ८:३० ला येतात. तिथलं घड्याळ मार्चच्या दुसऱ्या रविवारी तासभर पुढं जातं आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागं येतं. आपलं जागचं हलत नाही. म्हणजे हिवाळ्यात तेच आकडे आपल्याकडं ७ ला. माझी स्क्रिप्ट चार महिने भलतीच, झोपलेली कॅण्डल रंगवत होती. एमसीएक्स उन्हाळ्यात रात्री ११:३० ला आणि हिवाळ्यात ११:५५ ला बंद होतं, हे मी वर्षानुवर्षं बघतोय. तरी ट्यूब पेटली नाही!

मग माझे उपाय. आधी चार्टच्या खालच्या कोपऱ्यातलं घड्याळ न्यूयॉर्कचं केलं. पट्टीवरचे आकडे बदलले, स्क्रिप्टनं ढिम्म दाद दिली नाही. ते घड्याळ फक्त आपल्या डोळ्यांसाठी. स्क्रिप्ट तास मोजते तो एक्स्चेंजच्या, म्हणजे इथं भारतीय वेळेनं, हे तुमच्याकडून कळलं. मग मी 'यूटीसी उणे ४' लिहिलं, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेच्या चार तास मागं. तुम्ही हसलात. "हा झाला उन्हाळा. हिवाळ्यात उणे ५ कोण करणार, तू रात्री उठून?" आकडा नको, गावाचं नाव लिही, म्हणालात: 'अमेरिका/न्यूयॉर्क'. तास आणि मिनिट त्या नावानं विचारले की ८ आणि ३० बारा महिने ८ आणि ३०च राहतात. दोन शब्दांची दुरुस्ती, आणि त्यासाठी मी सूत्रांचं जंगल उभारलं होतं.

दुसरा घोळ माझ्या सौद्यांच्या फाइलचा. चार्टवर एकही सौदा दिसेना. फाइलमधली वेळ सेकंदांत, १० अंकी. पाइनला हवी मिलिसेकंदांत, १३ अंकी. माझे सगळे सौदे जाऊन बसले होते जानेवारी १९७० मध्ये, माझ्या जन्माच्याही आधी. तुम्ही म्हणालात, "चांदीचा भाव ऐकला की किलोचा की तोळ्याचा, हे आधी विचारतोस ना? मग वेळेलाच का सोडतोस?" हजारानं गुणलं, सौदे जागेवर आले. १ जानेवारी १९७० च्या यूटीसी मध्यरात्रीपासून मोजलेला तो आकडा हुपरीत आणि न्यू जर्सीत एकच असतो, वाचताना कुणाचं घड्याळ लावलं यानं तो बदलत नाही, हे त्या दिवशी डोक्यात शिरलं.

आता हिवाळ्याचे महिने उन्हाळ्यासारखेच दिसतात. लग्नसराईचा सिद्धांत मोडीत काढला. त्या कॅण्डलवरून सौदे करण्याच्या माझ्या नियमातून फार काही सुटत नाही हेही उघडं पडलं, पण ते खरं तरी आहे.

पैसे तुम्ही घेतले नाहीत. आईनं तुमच्या लेकीसाठी पैंजण घडवून ठेवलेत, त्यांना नाही म्हणू नका. रविवारचा फोन तुमच्या सकाळी १० लाच करेन. माझ्याकडं तेव्हा ७:३० की ८:३०, ते मी बघून घेईन.

तुमचा,
हुपरीचा चांदीवाला