पंचवटी एक्स्प्रेसने कॉमिक्स आणणाऱ्या काकांना पत्र

नाशिक रोड

ती. काकांना,
सा. न. वि. वि.

गेल्या महिन्यात तुम्ही निवृत्त झालात आणि तुमचा नाशिक-मुंबई पंचवटी एक्स्प्रेसचा पास संपला. प्रत्यक्ष भेटीत आभार मानायला लागलो की तुम्ही चहाचा कप पुढे सरकवता आणि विषय बदलता, म्हणून हे पत्र लिहितो आहे. ते उघड लिहिण्याचे कारण एवढेच की, अमेरिकी कॉमिक्सचे सुटे अंक महिन्याच्या महिन्याला वाचणारे जे थोडे लोक नाशिकमध्ये आहेत, त्यांनाही माझ्या संग्रहातले अंक इतके सरळ कसे राहिले हे कळावे.

तुम्ही मदतीला येण्यापूर्वी हे अंक मी कुरिअरने मागवत असे. दोन पिनांनी जोडलेल्या वीस-बावीस पानांच्या त्या पातळ पुस्तिकेला पत्रपेटीत कोंबताना मधोमध घडी पडायची, आणि एकदा तर पावसात भिजलेले पाकीट उघडल्यावर पाने एकमेकांना चिकटलेली निघाली. बदली प्रत मागण्याचीही सोय नसे, कारण अमेरिकेतले दुकानदार आधीच मागणी नोंदवतात, न खपलेल्या प्रती बहुधा परत करता येत नाहीत, आणि त्यामुळे छपाई त्या मागणीच्या अंदाजानेच होते. पहिल्या छपाईची प्रत एकदा हुकली की दुसरी मिळवण्यासाठी दुप्पट-तिप्पट किंमत मोजावी लागते. ही तक्रार मी जिन्यात कोणाजवळ तरी करत असताना तुम्ही ती ऐकलीत आणि दुसऱ्याच दिवशी विचारलेत, "दुकान फोर्टात आहे ना? माझ्या ऑफिसपासून पाच मिनिटांवर."

तेव्हापासून सकाळी सातच्या गाडीने जाणारा माणूस रात्री दहाच्या सुमारास परतताना बॅगेत दोन पुठ्ठ्यांमध्ये ठेवलेले माझे अंक आणू लागला. ते पुठ्ठे तुम्ही नव्या शर्टांच्या खोक्यांतून कापले होते आणि त्यांच्या कडांना चिकटपट्टी लावली होती. एकाही अंकाचा कोपरा कधी दुमडला नाही. पण माझ्यावर याहून मोठे ऋण आहे ते वेगळेच: परतीच्या प्रवासात तुम्ही ते अंक वाचू लागलात. सुरुवातीला तुम्ही संकोचाने परवानगी मागितलीत. लहानपणी इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ, म्हणजे बापाकडून मुलाकडे वारसा जाणारा बुरखाधारी फँटम, वाचलेल्या माणसाला ही गोडी नवी नाही, हे मला तेव्हाच कळायला हवे होते.

2024 च्या जानेवारीत सुरू झालेल्या नव्या 'अल्टिमेट स्पायडर-मॅन'विषयी माझे मत आधी फारसे चांगले नव्हते. जोनाथन हिकमन यांनी लिहिलेल्या आणि मार्को केकेत्तो यांनी प्रामुख्याने रेखाटलेल्या या मालिकेत पीटर पार्कर पस्तिशीच्या आसपासचा, दाढी राखलेला, लग्न झालेला, दोन मुलांचा बाप आहे. कोळी त्याला चावायला हवा होता त्या वयात चावलाच नाही, कारण कोणीतरी तो प्रसंग मुद्दाम घडू दिला नाही. आता इतक्या वर्षांनी त्याच्यासमोर ती संधी निरोपासह येते. घरसंसार असलेला नायक म्हणजे गोष्टीचा वेग मारणे, असे मी तुम्हाला ठणकावून सांगितले होते. त्यावर तुम्ही म्हणालात, "वेताळाला ते काम बापाकडून मिळाले. एकविसावा असो की बाविसावा, त्याला कोणी विचारलेच नाही. या माणसाला विचारले आहे, आणि घरी बायको-मुले असताना विचारले आहे." अपघाताने शक्ती मिळालेला शाळकरी मुलगा आणि समजून-उमजून ती स्वीकारणारा गृहस्थ यांतला हा फरक मी पहिल्या अंकाच्या दोन वाचनांनंतरही पाहिला नव्हता. रोज चार तास जाताना आणि चार तास येताना खिडकीबाहेर बघत असलेल्या माणसाला तो कसारा घाट चढेपर्यंत दिसला.

चौथ्या अंकाबाबत तर मी अगदीच तोंडघशी पडलो. तो अंक जवळपास सगळा एका जेवणाच्या टेबलाभोवती घडतो: पीटर आणि त्याची बायको मेरी जेन, हॅरी ऑस्बॉर्न आणि त्याची बायको ग्वेन. मारामारीसाठी पैसे मोजणाऱ्या माझ्यासारख्या वाचकाने तो दहा मिनिटांत संपवून 'भरतीचा अंक' म्हणून बाजूला ठेवला होता. तुम्ही तो दोनदा वाचलात आणि कोण कोणाकडे बघून बोलतो, कोण वाक्य अर्धवट सोडतो, हे मला चौकटीवर बोट ठेवून दाखवलेत. आता मला विचाराल, तर मालिकेतल्या उत्तम अंकांत मी तो धरतो. पीटरचे बेन काका आणि त्यांचे पत्रकार सहकारी जेमसन नोकरी सोडून स्वतःचे वर्तमानपत्र काढतात, ते कथानक तुम्हाला विशेष का आवडले, हे तुमच्या निवृत्तीच्या दिवशी माझ्या लक्षात आले.

या मालिकेतली एक खोट मात्र आपण दोघांनीही मान्य केली होती. तिच्यातला काळ आपल्या काळाबरोबर चालतो, म्हणजे दोन अंकांमध्ये गेलेला महिना गोष्टीतही गेलेला असतो. कल्पना छान आहे, आणि महिनाभर वाट पाहणाऱ्याला ती भावतेही. पण त्यामुळे काही मोठे प्रसंग अंकांच्या मधल्या फटीत घडून जातात आणि आपल्याला ते नंतर पात्रांच्या तोंडून ऐकावे लागतात.

'ॲब्सोल्यूट बॅटमॅन'विषयी मी आपली दोघांची मते जुळवण्याचा नाद सोडला आहे. स्कॉट स्नायडर आणि निक ड्रॅगोटा यांच्या या मालिकेत ब्रूस वेन श्रीमंत नाही, त्याची आई जिवंत आहे, आणि छातीवरचे वटवाघळाचे चिन्ह काढले की त्याची कुऱ्हाड होते. मला तो धिप्पाड देह आणि रक्तपात अंगावर येणारा वाटला. तुमचे म्हणणे असे की, ज्याच्याकडे वाडा, नोकर आणि तिजोरी नाही, त्याने शरीरच हत्यार केले तर त्यात नवल काय? मुद्दा पटतो, तरी तिसऱ्या अंकापर्यंत आवाज जरा कमी असता तर बरे झाले असते, या मतावर मी ठाम आहे. उलट केली थॉम्पसन आणि हेडन शर्मन यांची 'ॲब्सोल्यूट वंडर वुमन' मला तिन्हींत सरस वाटते. पाताळात सर्सी या ग्रीक पुराणातल्या जादूगारणीने वाढवलेली डायना, म्हणजेच वंडर वुमन, इतक्या कठोर जागेतून इतकी मायाळू निघते, यातच त्या मालिकेचे मर्म आहे, आणि शर्मन यांची पानांची मांडणी तर डोळे निवतील अशी आहे. तुम्ही त्या सांगाड्याच्या पंखवाल्या घोड्यापाशीच अडलात. "घोड्याला कातडी तरी द्यायची," हे तुमचे वाक्य मी अजून मित्रांना सांगतो.

काका, हे सगळे अंक आता माझ्या कपाटात पारदर्शक पिशव्यांमध्ये उभे आहेत. त्यांपैकी ज्यांच्याविषयी आपण बोललो, ते मला आधी आठवतात; बाकीचे नुसते जमा झाले आहेत. तुम्ही माझे ओझे वाहिलेत, आणि त्याच्या बदल्यात माझ्याकडून रिक्षाचे पैसेसुद्धा कधी घेतले नाहीत, याबद्दल मी मनापासून ऋणी आहे. काकूंचेही आभार, कारण रात्री उशिरा दारावर येणाऱ्या माझ्यामुळे त्यांचे जेवणाचे ताट कितीतरी वेळा थांबले.

पुढच्या आठवड्यात नवे अंक आणायला मी स्वतःच सकाळच्या गाडीने मुंबईला जाणार आहे. परतताना ते वाचण्यासाठी तुमच्याकडे घेऊन येईन. तेवढे ते दोन पुठ्ठे मला द्या.

आपला,
तिसऱ्या मजल्यावरचा शेजारी