आधी मणी, मग ॲप

मा. संपादक,

शाळांना 'शैक्षणिक गेम' म्हणून जी ॲप विकली जातात, त्यांतली बरीचशी म्हणजे रंगवलेली प्रश्नपेढी. उत्तर बरोबर आले की तारा, चुकले की भोंगा. माध्यम अभ्यासाच्या प्राध्यापकाला बोलावणे येते ते अगदी शेवटी, दोन मिनिटांची फिल्म करून द्यायला. तोवर नियम ठरून गेलेले असतात, आणि शिकवतात ते नियमच.

पुण्याला पाणी देणाऱ्या खडकवासला साखळीतल्या चार धरणांचेच घ्या. त्यांच्या पाणीवाटपाचा खेळ आधी मण्यांवर मांडता येतो. एक मणी म्हणजे साधारण एक टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी. वरसगावला १३, पानशेतला ११, टेमघरला ४ आणि खडकवासल्याला २, असे ३० मणी चार वाट्यांत ठेवायचे. ऑक्टोबर ते मे, दोन-दोन महिन्यांच्या चार फेऱ्या. पुढचे आकडे खेळापुरते: दर फेरीला शहराला ३, शेतीच्या कालव्याला ४ आणि बाष्पीभवनाचा १. हिशेब ३२ चा होतो, म्हणजे मेअखेर दोन मणी कमी. ते कोणाचे कापायचे, यावर वर्गात भांडण व्हायलाच हवे.

इथे दोन गोष्टी हमखास बिघडतात. फासा ठेवला की मुले टंचाईचे खापर त्याच्यावर फोडतात, म्हणून फासा नको. आणि कालव्याचे पाणी घेणाऱ्या दौंड-इंदापूरच्या शेतकऱ्यांच्या बाजूने कोणी बसवले नाही, तर पुण्यातली मुले बिनदिक्कत कालवा कापतात (मोठ्यांचेही फारसे वेगळे नसते). चौघांच्या गटात एकाने कालवा व्हायचेच.

फिल्म खेळानंतर दाखवावी. आधी दाखवली तर उत्तर फुटते. तेच चित्रण दोन प्रकारे जोडावे. एकदा गळका नळ आधी, सुकलेला ऊस नंतर. दुसऱ्यांदा उलट क्रम, निवेदन अजिबात नको. दोन्ही वेळा 'दोष कोणाचा?' एवढेच विचारावे. संकलनाने मत कसे फिरते, हे मुलांना व्याख्यानाविना कळते. ३५ मिनिटांच्या तासात खेळाला १५, फिल्मला ५ आणि उरलेला वेळ चर्चेला. चर्चा गाळली तर मुले जिंकायची युक्ती तेवढी शिकतात.

बालभारती, फिल्म इन्स्टिट्यूट आणि चित्रपट संग्रहालय एकाच शहरात असताना ही माणसे पहिल्या बैठकीला एकत्र बसवणे अवघड नाही. कोडिंगचे पैसे देण्याआधी खेळ मण्यांवर दोन-तीन वर्गांत खेळवून पाहावा. ॲप झालेच, तर मण्यांचे आकडे शिक्षकाला बदलता आले पाहिजेत. दरवर्षी ऑक्टोबरात धरणे भरलेलीच असतील असे नाही.

– माध्यम अभ्यासाचे एक प्राध्यापक, पुणे