‘घेऊ नका, ताई’ म्हणणाऱ्या दुकानातल्या दादांना

दादा, नमस्कार.

तुमच्या काउंटरसमोर एवढी गर्दी असते की धड चार शब्द बोलता येत नाहीत, आणि मोबाइलवर जोडलेल्या हातांचं चित्र पाठवून मोकळं व्हावं असंही वाटेना. म्हणून हे पत्र, तेही सगळ्यांसमोर. दुकानाचं नाव मात्र लिहीत नाही. तुम्ही मला काय काय विकलं नाहीत हे मालकांनी वाचलं, तर तुमची काही खैर नाही.

फायटर माशाची पिल्लं घरच्या टाकीत वाढवायची म्हणून आले तेव्हा माझ्या हातात यादी होती. हीटर, मोठा फिल्टर, खाली पसरायला रंगीत खडे, पिल्लांची पावडर, बदामाच्या पानांचं पाकीट. तुम्ही खिशातलं पेन काढलंत आणि एकेका ओळीवर काट मारत गेलात. हीटर कशाला, या उकाड्यात पाणी आपसूक अठ्ठावीस अंशांवर असतं. मोठा फिल्टर पिल्लांनाच ओढून घेईल. खड्यांत पडलेलं पिल्लू बापाला सापडणार कसं? पानांच्या पाकिटावर तर तुम्ही हसलातच. ‘सोसायटीत बदामाचं झाड नाही का, ताई?’ आहे की! त्याच्या पानांच्या नावानं आमचे झाडूवाले मामा रोज बोटं मोडतात. त्यातलीच दोन वाळकी पानं धुऊन टाकली, पाण्याला तांबूस रंग आला आणि आमचा निळा नर एकदम खुशीत दिसायला लागला. शेवटी बिल झालं ते एक स्पंज फिल्टर, हातभर नळी आणि हवा कमी-जास्त करायचा नॉब एवढ्याचंच.

पाणी फक्त पाच बोटं ठेवा, हे तुम्ही दोनदा सांगितलंत. कारण तेव्हा कळलं नाही, पुढे डोळ्यांनी दिसलं. नरानं कोपऱ्यात फेसाचं घरटं बांधलं, मादीनं अंडी टाकली, तिला तुमच्या सांगण्याप्रमाणे लगेच बाजूला काढली. अंडी फुटली आणि रात्री पिल्लं टपाटप खाली पडायला लागली. सगळी मेली समजून मी तुम्हाला अवेळी फोन लावला. तुम्ही जेवत होतात बहुतेक. म्हणालात, ‘काही करू नका. दिवा चालू ठेवा आणि नुसतं बघत बसा.’

बसले. पापणीच्या केसाएवढी पिल्लं, डोकं फेसात, शेपटी खाली, अशी लटकलेली. एखादं सुटायचं आणि वळवळत तळाकडे जायचं. बाप खाली सूर मारायचा, त्याला तोंडात धरायचा, वर येऊन फेसात सोडायचा. कधी एका खेपेत दोन-तीन आणायचा. तोवर तिकडे दुसरं सुटलेलंच. पाणी खोल असतं तर त्याची नुसती दमछाक झाली असती. त्या दिवसांत त्याला खायलाही घालू नका म्हणालात, तेही पटलं. त्याचं लक्ष खाण्यात नव्हतंच. सासूबाई खुर्ची ओढून शेजारी येऊन बसल्या. एरवी त्यांना टाकी म्हणजे घरातली अडगळ वाटते.

पिल्लं आडवी पोहायला लागली की बापाला काढायचं, नाहीतर तोच त्यांना खातो, हेही तुम्ही आधीच बजावलं होतंत. मुलीला ते फार लागलं. एवढं सांभाळलं आणि आता बिचाऱ्याला हाकलायचं? तिची समजूत मी घातली. पटली असं नाही म्हणणार.

पण तुमचे खरे उपकार आहेत ते खाण्याच्या बाबतीत. दुसऱ्या एका दुकानात मला पावडर घ्या म्हणून गळ घातली होती, कुणी उकडलेल्या अंड्याचा बलक कापडातून पिळून घाला म्हणत होतं. तुम्ही दोन्हीला नाही म्हणालात. पिल्लं हलतं तेच खातात. न हललेलं तळाला बसून कुजतं, त्याचा अमोनिया होतो आणि सकाळी टाकी रिकामी. मग केळ्याची साल बरणीतल्या पाण्यात घालून सज्जात ठेवायला लावलीत. आधी पाणी दुधाळ झालं, घरभर वास सुटला, मग ते निवळलं. एक थेंब टॉर्चसमोर धरला तर त्यात बारीक ठिपके इकडून तिकडे पळत होते. पिल्लांचं पहिलं जेवण ते.

पुढे तुम्ही चटणीच्या डबीत मायक्रोवर्म, म्हणजे पिल्लांना खायला घालायचे बारीक जिवंत कृमी, दिलेत. ओट्सच्या खिरीवर त्यांचं विरजण लावायचं. दोन दिवसांत डबीच्या कडांवर चमकणारी नक्षी चढायला लागली. बोटानं पुसायची, बोट टाकीत बुडवायचं, झालं. सासूबाईंनी ती डबी फ्रिजपासून चार हात लांब ठेवायला लावली, ते सोडा.

आणि आर्टेमिया, म्हणजे खाऱ्या पाण्यातले इवलेसे कोळंबीसारखे जीव, त्यांची अंडी घरी उबवायची. अख्खा डबा घ्यायला निघाले होते मी. तुम्ही कागदाच्या पुडीत दोन चमचे अंडी बांधून दिलीत आणि म्हणालात की आधी एवढी संपवा. लिटरभर पाण्यात दोन मोठे चमचे जाडं मीठ, बाटली उलटी, खालून हवा. दुसऱ्या दिवशी हवा बंद करून दहा मिनिटं थांबले: टरफलं वर, आणि खाली नारिंगी जिवांचा थवा, टॉर्च दाखवू तिकडे सरकणारा. जुन्या मलमलच्या रुमालातून गाळले, मीठ जाईल असे धुतले आणि टाकीत सोडले. पाच मिनिटांत पिल्लांची पोटं नारिंगी दिसायला लागली. अंग पारदर्शक, त्यामुळे कोण जेवलं आणि कोण उपाशी राहिलं ते बाहेरून कळायचं. मुलगी शाळेत जाण्याआधी पोटं बघून मला हजेरी सांगायची.

पावसाळ्यात महापालिकेचा माणूस डासांच्या अळ्या तपासायला आला आणि सज्जातल्या टबांकडे बघून त्याचा चेहराच बदलला. मी आत नेऊन पिल्लं दाखवली. ‘गप्पी आहेत का?’ त्याला तेवढेच माहीत. नाही म्हटलं तर निराश झाला. पण बाहेरचे टब झाकून ठेवा हे त्याचं म्हणणं खरंच होतं, आणि तुम्हीही पिल्लांच्या खाण्यासाठी म्हणून डासांच्या अळ्या घरात पैदा करू नका असं आधीच सांगितलं होतंत.

टाकीवर प्लास्टिकचा कागद ताणायचा, हे मी ऐकलं पण कारण विचारलं नाही. नंतर एकदा मालक जेवायला गेले होते तेव्हा तुम्ही निवांत सांगितलंत: फायटरला वरची हवा घ्यायला कल्ल्यांखेरीज वेगळा अवयव असतो, तो तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात कामाला लागतो, त्या वेळी वर गार, कोरडी हवा लागली तर पिल्लं जातात. हा मासा मूळचा थायलंडच्या भातखाचरांतला, थोड्या, कोमट पाण्यातला, आणि २०१९ मध्ये त्या देशानं त्याला राष्ट्रीय जलचर केलं, हेही तुमच्याकडूनच कळलं. थोडी गेली आमच्याकडेही. ‘सगळी जगत नसतात, ताई,’ हे तुम्ही पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतंत, म्हणून मुलीसमोर मला शब्द शोधावे लागले नाहीत.

आता नर एकमेकांवर धावून जायला लागलेत. घरातल्या लोणच्याच्या रिकाम्या बरण्या संपल्या, शेजारच्या काकूंच्याही आणल्या, मध्ये वहीचे पुठ्ठे उभे केलेत. नर तुम्ही दुकानात घ्याल म्हणाला होतात, तर रविवारी घेऊन येते. तांबड्या शेपटीचा एक सोडून. त्याचं बारसं झालंय. माद्या एकत्र राहतात, त्यांची घाई नाही. दुसरी जोडी लावू का हे मात्र विचारणार नाही, उत्तर मला माहीत आहे.

त्या आर्टेमियाच्या पुडीचे पैसे तुम्ही घेतले नव्हते. रविवारी मालक गल्ल्यावर असतील तेव्हाच काढून देईन, म्हणजे तुम्हाला नको म्हणता येणार नाही.

तुमची,
फायटरवाली ताई, कल्याण