चकाकणाऱ्या गिनीबद्दल

नागपूर

चि. रेवास अनेक आशीर्वाद.

तू विकत घ्यायच्या विचारात आहेस त्या गिनीचे, म्हणजे ब्रिटिश राजवटीतल्या सोन्याच्या सॉव्हरिन नाण्याचे फोटो आईच्या फोनवर मोठे करून पाहिले. सन 1918, आणि तारखेच्या वर, घोड्याखालच्या जमिनीच्या रेषेवर मुंबई टांकसाळीचं बारीक ‘आय’ अक्षर. दोन्ही जागच्या जागी आहे. तरी मला ती पसंत नाही, कारण फार चकाकते. त्या वर्षी मुंबईत सुमारे 13 लाख गिन्या पाडल्या गेल्या, त्यामुळे दुर्मिळ म्हणून घाई करायचं कारण नाही.

नाण्यावर जी खोट दिसते ती कुठे झाली, हे आधी ठरवावं: टांकसाळीत, वापरात, की नंतर कुणाच्या हातून. पहिल्या दोन्हींना मी फारसं घाबरत नाही. गिनी 22 कॅरेटची, म्हणजे बाराव्या हिश्श्याचं तांबं त्यात असतं. ते नीट मिसळलं नाही की लालसर ठिपके उमटतात. थैलीत नाणी एकमेकांवर आपटून टोचे पडतात. एका बाजूला राजाच्या कानावरचे केस, दुसऱ्या बाजूला घोड्याचा खांदा वापरात झिजतो. हे चालेल.

तिसरीसाठी मात्र डोळे उघडे ठेव. आपल्याकडे गिन्या सुट्या राहिल्याच किती? कडी लावून गळ्यात गेल्या. पुढे कडी काढली, उरलेला डाख, म्हणजे कडी जोडायचं सोनं, कानशीने घासला, पॉलिश मारलं आणि बाजारात आणली. म्हणून राजाच्या डोक्यावरचा काठ दहापट भिंगातून पाहा. बाजूचे दाते तिथे बुजलेत का, सोन्याचा रंग तेवढ्याच जागी फिका आहे का? डाखाचं सोनं हलक्या कसाचं असतं, रंग लपत नाही. भोक बुजवलेलं असेल तर त्या जागची अक्षरं बसकी दिसतात.

दुसरा घोळ साफसफाईचा. रिठ्याच्या पाण्यात ब्रश घेऊन गिनी घासणाऱ्या आजीबाई तुलाही आठवतील. मऊ सोन्यावर त्याने केसाएवढ्या बारीक, एकाच दिशेच्या रेघा पडतात. समोरून उजेड टाकलेल्या फोटोत त्या दिसतच नाहीत, आणि विकणारे फोटो तसेच काढतात. बाकी दिवे मालवून एकच दिवा बाजूला ठेवायचा आणि नाणं हळूहळू कलवायचं. मूळ झळाळी असेल तर उजेडाचा पट्टा नाण्यावरून गोल फिरतो. झिजलेल्या नाण्यातही अक्षरांच्या कुशीत ती थोडी शिल्लक असते. पॉलिश केलेलं नाणं नव्या स्टीलच्या वाटीसारखं सगळीकडे सारखंच चमकतं, झिजलेल्या उंचवट्यावरसुद्धा. तुझ्या फोटोतला राजाचा गाल मला तसाच वाटतो, पण फोटोवरून पैज लावणार नाही.

वजन 7.98 ग्रॅम, व्यास 22 मिलिमीटर. ब्रिटनमध्ये गिनी 7.937 ग्रॅमच्या खाली उतरली की चलनातून बाद धरत, एवढी घट तिथे मोजली जायची. वजन बरोबर भरलं म्हणून निर्धास्त होऊ नकोस. 1950-60 च्या दशकांत बेरूतकडे पूर्ण कसाच्या सोन्यातही खोट्या गिन्या बनल्या. तशा नाण्यात अक्षरांच्या बोथट कडा आणि मैदानावरचे, म्हणजे मोकळ्या सपाट जागेवरचे, बारीक फुगवटे पाहावे लागतात.

कस पाहायला सराफाने कसोटीचा दगड काढला तर ‘नको’ म्हण. इथे इतवारीच्या सराफ्यात मी हे तोंडावर म्हणतो, कुणी रागावत नाही. काठ दगडावर घासला की तिथे कायमची सपाट जागा होते आणि पुढचा गिऱ्हाईक ती तुझ्या नावावर मांडतो. कॅरेट मशीनवर ठेवायला सांग. मशीन वरचाच थर वाचतं, म्हणून वजन आणि व्यास सोबत तपासायचेच.

कडीची किंवा पॉलिशची खूण निघाली तर त्यातल्या 7.32 ग्रॅम शुद्ध सोन्याच्या त्या दिवसाच्या भावावर एक रुपया चढवू नकोस. घडणावळीचा हिशेब नाण्याला लागत नाही, विकणारा काही म्हणो. बिल पक्कं घे. आणि दादाकडे अमेरिकेला भेट पाठवायचा विचार असेल तर सोड. शंभर वर्षांवरचं नाणं 1972 च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं, आपल्यासारख्या खाजगी माणसाला ते देशाबाहेर पाठवता येत नाही.

विकणाऱ्याकडून बाजूच्या दिव्यात कलवलेला व्हिडिओ माग, काठ सगळा फिरवून दाखवायला सांग. आला की इकडे पाठव. तोवर इसार देऊ नकोस.

तुझे बाबा