ओजसची पहिली गिटार

गिरगाव, मुंबई
रविवार रात्र

प्रिय माधवी,

ओजससाठी तू पाठवलेल्या गिटारींच्या सगळ्या लिंका पाहिल्या. त्यातली एकही घेऊ नकोस.

रागावू नकोस गं. फोनवर तुझा कुकर शिट्ट्या मारत होता आणि माझ्याकडे मुलं शिकायला बसली होती, म्हणून आता सविस्तर लिहितेय. ओजसलाही वाचायला दे. त्या गिटारी दिसायला छानच आहेत. निळ्या, लाल, कडेने काळी झाक दिलेल्या, सोबत बॅग, पट्टा, पिक (तारा छेडायची पातळ चकती), जादा तारा, कॅपो (गळ्यावर सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा) असं सगळं एका खोक्यात आणि तेही चारेक हजारांत. माझ्याकडे येणाऱ्या पोरांपैकी बरीचशी असलीच गिटार पाठीला लावून येतात. सुरुवातीला हौस नुसती ओसंडत असते. दिवाळीपर्यंत निम्मी पोरं "बोटं दुखतात", "ट्युशनची वेळ बदलली" करत गळतात. मग आया म्हणतात, आमच्याला चिकाटीच नाही. त्या पोराची गिटार हातात घेऊन बघावं तर तारा इतक्या उंच, की दाबताना मलासुद्धा दात-ओठ खावे लागतात. पोराचा काय दोष त्यात?

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की पहिल्या गिटारीचे पैसे दिसण्यावर घालू नकोस, खोक्यातल्या वस्तूंवर तर नकोच नको. फार काय, आवाजाचाही एवढा विचार करू नकोस. तार दाबायला हलकी हवी, की झालं.

हलकी आहे की नाही ते मोजता येतं. गिटारच्या गळ्यावर धातूच्या आडव्या पट्ट्या असतात, त्या फ्रेट. खुंट्यांच्या बाजूने मोजत १२व्या फ्रेटवर ये, तिथे बहुधा दोन ठिपके दिसतील. त्या फ्रेटच्या माथ्यापासून सगळ्यांत जाड तारेच्या खालच्या कडेपर्यंत २.५ मिलिमीटरच्या आसपास अंतर हवं, आणि सगळ्यांत बारीक तारेखाली २ च्या आसपास. याला अॅक्शन म्हणतात. ३ च्या वर गेलं की नवशिक्याचे हाल. मोजायला ओजसच्या कंपासपेटीतली पट्टी चालेल, फक्त तिचा शून्य काठापासून थोडा आत असतो. एखादी जुनी पट्टी शून्यापर्यंत घासून घे, नाहीतर सगळं माप चुकेल.

अॅक्शन जास्त असली तरी ती उतरवता येते. तारा खालच्या बाजूला ज्या पांढऱ्या पट्टीवर टेकतात ती सॅडल. ती काढून बुडाकडून घासतात. १२वा फ्रेट तारेच्या बरोबर मध्यावर असतो, त्यामुळे तिथे अर्धा मिलिमीटर कमी करायचा तर सॅडल पूर्ण एक मिलिमीटर घासावी लागते. पण खरा खलनायक बऱ्याचदा वरच्या टोकाला असतो. खुंट्यांपाशी जी खाचांची पट्टी असते ना, नट म्हणतात तिला, तिच्यातल्या खाचा स्वस्त गिटारीत उथळ सोडलेल्या असतात. नवशिक्याचे सगळे कॉर्ड, म्हणजे एकदम वाजवायचे सुरांचे गट, पहिल्या तीन फ्रेटांत, आणि नेमकं तिथेच दाबायला जड! त्या खाचा मात्र शिरीषला घरच्या कानशीने घासू देऊ नकोस. जरा जास्त खोल गेली की तार मोकळी छेडली तरी झणझणते. तुझ्या तंबोऱ्याला जवारी लागते, इथे तीच खोड ठरते. चांगल्या दुकानात हे काम करून देणारा माणूस असतो, त्याला 'सेटअप करून द्या' म्हणायचं. त्याचे पैसे द्यायला अजिबात काचकूच करू नकोस.

आता कुठली घ्यायची ते. ओजसला आधी विचार, डोक्यात कुठली गाणी आहेत? हिंदी-मराठी गाणी म्हणत कॉर्ड वाजवायचे असतील तर स्टीलच्या तारांची अकुस्टिक. एकेक बोटाने सुटे सूर वाजवायचे असतील, पाश्चात्त्य क्लासिकलकडे ओढा असेल, तर नायलॉनच्या तारांची. तिच्या तारा बोटांना मऊ लागतात हे खरं, पण गळा रुंद असतो. नटपाशी स्टीलवाली साधारण ४३ मिलिमीटर, तर ही ५२. लहान हाताला तो फरक चांगलाच जाणवतो. आणि कुणी कितीही सांगितलं तरी नायलॉनच्या गिटारीवर स्टीलच्या तारा चढवायच्या नाहीत. स्टीलच्या सहा तारांचा मिळून ताण ७० किलोच्या घरात जातो, नायलॉनचा त्याच्या निम्म्याच्या आसपास. ब्रिज, म्हणजे सॅडल जिच्यात बसते ती लाकडी पट्टी, उखडून हातात येतो. आणि चिरंजीवांना रॉकच हवं असेल तर सरळ इलेक्ट्रिक घे, मला त्यात काही वावगं वाटत नाही. उलट तिच्या तारा बारीक आणि अॅक्शन कमी, बोटं कमी दुखतात. शिवाय हेडफोनचा छोटा अॅम्प मिळतो, रात्री अकराला शेजारचे बेल वाजवणार नाहीत. मागे तू म्हणाली होतीस, गणपतीत सोसायटीच्या कार्यक्रमात त्याला वाजवायचंय. तसं असेल तर अकुस्टिकच बरी.

अकुस्टिकमध्ये मी डोळे झाकून यामाहाची एफ ३१० सांगते. फार भारी आवाज आहे अशातला भाग नाही, पण एका नगापासून दुसऱ्यात फारसा फरक नसतो आणि विकायची वेळ आली तर गिऱ्हाईक मिळतं. तारेची लांबी ६३४ मिलिमीटर. मोठ्या गिटारींची ६४८-६५० असते, म्हणजे इथे ताण किंचित कमीच. तू पंधरा हजार धरले आहेस ना? त्यातले दहा-अकरा गिटारीला जाऊ देत. दुकानात 'सॉलिड टॉप' घ्या म्हणून गळ घालतील. एकसंध लाकडाची फळी, काळानुसार आवाज खुलतो वगैरे, सगळं खरं आहे. पण आपल्या मुंबईच्या पावसाळ्यात प्लायसारखी थर चिकटवलेली लॅमिनेटेड फळीच जास्त सोसते. चौदा वर्षांच्या मुलाच्या पहिल्या गिटारीला तेवढं पुष्कळ.

डावखुरेपणाचं तू विचारलंस. तो डाव्या हाताने जेवतो म्हणून तुझ्या सासूबाई किती ओरडायच्या! माझं मत असं, की आधी उजवीच धरू द्यावी. गिटारीत दोन्ही हातांना काम नवंच असतं, आणि डावखुऱ्याचा चपळ हात तर आयता फ्रेटवर येतो. रॉक गिटारवादक मार्क नॉफ्लर डावखुरा, पण गिटार उजवी वाजवतो. बीटल्सच्या पॉल मॅकार्टनीने मात्र डावीच धरली, तेव्हा हा काही नियम नव्हे. एक कर, त्याच्या हातात बॅडमिंटनची रॅकेट दे आणि म्हण, वाजव गिटार. न सांगता डावा हात छेडायला आला, आणि उजवी गिटार दहा मिनिटं धरूनही तो चुळबुळतच राहिला, तर डाव्या हाताचीच मागवू. दुकानात ती सहसा तयार नसते, थांबावं लागतं. 'तारा उलट्या लावून देतो, काम होईल' असं कुणी म्हणालं तर नको म्हण. नटच्या खाचा तारेच्या जाडीप्रमाणे कापलेल्या असतात आणि सॅडल तिरकी बसवलेली असते. उलटं केलं की वरच्या फ्रेटांवर सूर हलतो. रॉक गिटारवादक जिमी हेंड्रिक्स उजवी गिटार उलटी धरून तारा फिरवून लावायचा खरा, पण ती इलेक्ट्रिक. तिथे प्रत्येक तारेची सॅडल वेगळी पुढे-मागे करता येते.

घ्यायला धोबीतलावलाच जाऊ. जेर महालमधलं फुर्टाडोज हे वाद्यांचं दुकान १८६५ पासूनचं आहे, माझी पहिली तारही तिथलीच. ऑनलाइन शंभर-दोनशे वाचतील, पण तिथे एकाच मॉडेलचे दोन-तीन नग मागून हातात घेता येतात, आणि ओजसला बसवून बघता येतं. त्याचा खांदा वर उचलला जात असेल तर गिटारचं पोट त्याला मोठं होतंय, लहान अंगाची बघायची. मी तिथे काय करते ते ओजसने नीट बघून ठेवावं. गिटार बंदुकीसारखी डोळ्यापाशी धरून गळा सरळ आहे का पाहायचं. फ्रेटच्या टोकांवरून तळवा फिरवायचा, खरखर लागली तर पुढे बोट कापणार. ब्रिजच्या मागच्या कडेखाली कागद सरकवून बघायचा, आत गेला तर ब्रिज सुटायला लागलाय. मग एकेक तार, एकेक फ्रेट, सगळी वाजवायची. विक्रेता कंटाळतो, कंटाळू दे. शेवटी १२व्या फ्रेटवर तारेला नुसतं बोट टेकवून निघणारा हार्मोनिक आणि तिथेच तार दाबून निघणारा सूर, दोन्ही ट्यूनरवर, म्हणजे सूर दाखवणाऱ्या यंत्रावर, एकच यायला हवेत. नाही आले, तर कितीही सुरात लावा, वर सरकलं की बेसूर.

आता बाकीच्या वस्तू. क्लिपचा ट्यूनर घ्यायचाच. फोनमध्ये फुकट अॅप मिळतं, पण ते माइकवर ऐकतं. पंखा, टीव्ही, खालची भाजीवाली, सगळं त्याच्या कानावर जातं. क्लिपवाला लाकडाचं कंपन पकडतो. ओजसला एक बजावून ठेव. ट्यूनर फक्त 'ई' दाखवतो, कुठल्या सप्तकातला ते बरेच ट्यूनर सांगत नाहीत. जाड तारेचा ई ८२ हर्ट्झचा, बारीक तारेचा ३३० चा. नवी बारीक तार लावताना पोरं सूर ओलांडून तशीच पिळत राहतात, पुढच्या 'ई'च्या शोधात, आणि फाडकन तुटते. चेहरा लांब ठेवायचा.

तारांचा एक जादा सेट घे, 'दहाचा' माग. ०.०१० इंच जाडीच्या तारेपासून सुरू होतो तो. गिटारीवर बाराचा असेल तर दुकानातच दहाचा चढवून घेऊ, दाबायला आणखी हलका. पिक पातळ, ०.५ ते ०.७ मिलिमीटरमधली, आणि मूठभर घे, कारण ती सोफ्यात जातात आणि परत येत नाहीत. पट्टा सध्या नको, बसूनच वाजवणार आहे. स्टँड मात्र घे, साधा जमिनीवरचा. बॅगेत चेन लावून ठेवलेली गिटार कुणी उठून काढत नाही. समोर दिसली की शाळेतून आल्यावर बूट काढायच्या आधी दोन मिनिटं छेडली जाते.

कॅपो तुझ्यासाठी घ्यायचा. हसू नकोस. तू भजनं काळी चारमध्ये म्हणतेस. ओजसला जी, सी, डी, ई मायनर एवढे कॉर्ड आले की कॅपो पहिल्या फ्रेटवर लावायचा आणि जीमधलंच गाणं वाजवायचं. निघतो जी शार्प, म्हणजे तुझी काळी चार. शिरीषला काळी एक लागते ना? त्याच जागी कॅपो ठेवून सीमधले कॉर्ड धरायचे. सीच्या घरात एफचा कॉर्ड येतो आणि तो भल्याभल्यांना रडवतो, म्हणून शिरीषने थोडं थांबावं.

बॅगेवर पैसे घाल. त्या खोक्यातली बॅग म्हणजे नुसती खोळ. तुमच्या बोरिवलीहून संध्याकाळच्या लोकलने क्लासला जायचं तर आत जाड फोम असलेलीच हवी, आणि डब्यात शिरताना पाठीवरून काढून पुढे धरायची. पावसात वरून प्लास्टिक. घरात तुमच्या हॉलच्या बाहेरच्या भिंतीला जुलैत ओल येते, तिथे स्टँड नको. एसीच्या झोताखाली नको आणि माळ्यावर तर बिलकूल नको. बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेव. वाजवून झालं की सुती फडक्याने तारा पुसायच्या. घाम आणि आपली खारी हवा, दोन्ही मिळून महिन्याभरात तारा काळ्या करतात.

बोटं दुखतील, हलकी गिटार घेतली तरी थोडी दुखतीलच. दोन-तीन आठवड्यांत टोकं घट्ट होतात. रोज पंधरा मिनिटं बसू दे, रविवारी दोन तास नको. ट्रिनिटी कॉलेज लंडनची संगीताची ग्रेडची परीक्षा द्यायची का, ते वर्षभराने बघू. पुढे दहावी आहे, आणखी एक परीक्षा कशाला मागे लावतेस?

येत्या रविवारी दुकान उघडं आहे का ते फोन करून विचारते. असेल तर अकराला मेट्रो सिनेमाच्या समोर भेटू, मरीन लाइन्सहून चालत या. आधी कयानी या इराणी हॉटेलात बन मस्का, मग गिटार. उपाशी पोर दुकानात घाई करतं. शिरीषला आणलंस तरी चालेल, पण भाव करायला पुढे करू नकोस.

तुझी,
सुमा

ता. क. ओजसला डाव्या हाताची नखं कापून यायला सांग. वाढलेल्या नखांनी तार नीट दाबली जात नाही, आणि मग आपण चांगल्या गिटारीलाच नावं ठेवू. उजव्या हाताची राहू देत. उजवी धरायची की डावी, ते मात्र रॅकेटची परीक्षा झाल्यावर मला कळव, म्हणजे दुकानात तसं आधीच सांगून ठेवते.